‘बहुजन’ म्हणताना चाळीसगावचा टांगा आठवा

धुळे-जळगावकडं कुठलाही मेळावा असो, फलकावर ‘बहुजन’ असतोच. जयंतीच्या पावतीपुस्तकावर बहुजन, निवडणुकीच्या पत्रकावर बहुजन. आपली पोरंही घसा ताणून ओरडतात. पण कुणी विचारत नाही, की बाबा, ह्यात कोण कोण आहे? मला हा शब्द फेकायचा नाही. त्याची झडती घ्यायचीय.

शब्द मुळात आपल्या घरचा. महावग्गात तथागत पहिल्या साठ भिक्खूंना चारी दिशांना धाडतात. दोघांनी एका वाटेनं जाऊ नका, बहुजनांच्या हितासाठी नि सुखासाठी फिरा, असं सांगतात. तिथं बहुजन म्हणजे पुष्कळ माणसं. जातीचा हिशेब नाही, मतांची मोजणी नाही.

1873 साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. त्यांचा शब्द होता ‘शूद्रातिशूद्र’. ह्या शब्दाकडं नीट बघा. त्यात दोन तुकडे आहेत नि मधला सांधा उघडा दिसतो. जोतीरावांनी कुणबी-माळ्याला महार-मांगाशी जोडलं, पण दोघांमधलं अंतर लपवलं नाही. ते अंतर खरं होतं, म्हणून तर 1868 साली त्यांना स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला.

1920 साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी कौन्सिलच्या निवडणुकीसाठी ‘बहुजन पक्षा’चा जाहीरनामा काढला. त्यात शेतकरी-मजुरांसोबत अस्पृश्यही होते नि स्त्रियाही. कागदावर सगळे. पण ब्राह्मणेतर पुढाऱ्यांच्या तोंडी शब्द रुळला नि आक्रसत गेला. बहुजन समाज म्हणजे मराठा-कुणबी नि त्यांच्या बरोबरीच्या शेतकरी जाती, हा अर्थ महाराष्ट्राच्या राजकारणात पक्का झाला. जोतीरावांचा सांधा बुजला. ब्राह्मण नाही तो बहुजन, एवढीच व्याख्या उरली. त्या व्याख्येत आपण बसतो खरे, पण मागच्या बाकावर.

आता आपल्याच खानदेशातली गोष्ट घ्या. 1929 चा ऑक्टोबर. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारनं नेमलेल्या कमिटीत बाबासाहेब होते. चाळीसगाव-धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर गावानं बहिष्कार टाकलेला. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली माणसं हार घेऊन उभी. स्टेशनबाहेर टांगेही उभे. पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार नाही. शेवटी तडजोड निघाली: टांगा भाड्यानं देतो, पण हाकणार नाही. मग आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला ते काम येत नव्हतं. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा नि टांगा नदीत.

हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांचा मुद्दा पायाचा नाही. हलकं काम करून पोट भरणारा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो, हा मुद्दा आहे.

मित्रांनो, तो टांगेवाला कुठला सावकार नव्हता. आजच्या फलकाच्या हिशेबानं त्याला बहुजनच म्हटलं असतं. आणि ज्या गावानं बहिष्कार टाकला, ते गाव म्हणजे कोण? बहिष्काराला शेत लागतं, विहीर लागते, दुकान लागतं. त्याच कमिटीचा 1930 चा अहवाल सांगतो, की आपली माणसं गावाच्या शेतावर नि मजुरीवर जगतात, म्हणून हक्क मागितला की गाव काम तोडतं, वाट अडवतं, किराणा बंद करतं. एकटी पोथी हे करू शकत नाही. त्याला शेतमालकाचा हात लागतो.

पुढं कांशीराम आले. 14 एप्रिल 1984 ला त्यांनी बहुजन समाज पक्ष काढला. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्य अशी पंच्याऐंशी टक्क्यांची बेरीज मांडली. त्यांचं मोठेपण हे, की मागच्या बाकावरच्याला त्यांनी पुढं आणून बसवलं. बहुजनांचं पुढारपण आपल्याकडं आलं. पण बेरीज म्हणजे एकी नव्हे. 2007 साली उत्तर प्रदेशात त्याच पक्षानं ‘सर्वजन’ म्हणून सत्ता घेतली. बहुजनला निदान कड होती. सर्वजनला तीही नाही.

आता आजचं. आमच्या भागातल्या एका गावात बहुजन मेळावा झाला. फुले-शाहू-आंबेडकर तिघांच्या तसबिरी, भाषणं झकास. शेवटी वस्तीतला एक पोरगा उठला. म्हणाला, ‘आमची मयत न्यायची वाट बांधावरून जाते. पावसाळ्यात ती अडवतात. ठराव करा.’ मंचावर सगळे गप. अध्यक्ष म्हणाले, ‘गावातला विषय गावात मिटवू भाऊ, इथं नको.’ बांधाचा मालक पहिल्या रांगेत बसलेला, गळ्यात निळं उपरणं. पोरगा खाली बसला. घोषणा मात्र परत सुरू झाल्या.

तिथं मला चाळीसगाव आठवलं. टांगा देतो, हाकणार नाही. उपरणं घालतो, वाट देणार नाही. तडजोड तीच.

तेव्हा हा शब्द वापरा, जरूर वापरा. तथागतांचा आहे, कुणाच्या बापाची मालकी नाही त्यावर. पण जोतीरावांचा सांधा त्यात पुन्हा उघडा करा. कुणी बहुजन म्हणून गळ्यात गळा घालायला आला, तर त्याला वाटेचं विचारा, विहिरीचं विचारा, पोरीबाळींच्या लग्नाचं विचारा. उत्तर आलं तर तो आपला. नाही आलं, तर पायी चला. फुकटच्या टांग्यात बसू नका.