बसचं ‘ॲव्हरेज’ : एका अपुऱ्या मोजपट्टीची चिकित्सा

शहरातल्या बसगाड्यांचं इंधन वाचवायचं आणि धूर कमी करायचा, याबद्दल आपल्याकडे मतभेद नाहीत. डेपो मॅनेजरपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना ते हवं आहे. आमचा आक्षेप उद्दिष्टावर नाही, ते मोजण्यासाठी जी पट्टी वापरली जाते तिच्यावर आहे. ती पट्टी म्हणजे गाडीचं ॲव्हरेज : एका लिटरमध्ये किती किलोमीटर. कार्यशाळेचं काम याच आकड्यावर जोखलं जातं, ड्रायव्हरचं कौतुक किंवा झाडाझडतीही याच आकड्यावर होते. हा आकडा खोटा नाही. पण त्यात तीन महत्त्वाच्या गोष्टी दिसत नाहीत : रस्ता, प्रवासी आणि वेळ.

आधी रस्ता घेऊ. माणसांनी भरलेली बस साधारण 15 टनांची धरा. ती ताशी 40 किलोमीटर वेगात आणायला जी ऊर्जा लागते, ती ब्रेक मारला की उष्णता होऊन निघून जाते. डिझेल इंजिनाची कार्यक्षमता तीस-पस्तीस टक्के धरून हिशेब केला, तर असं एकदा थांबून पुन्हा वेग घेण्याची किंमत 70 ते 90 मिलिलिटर डिझेल येते. म्हणजे साधारण एक कटिंग चहा. दर वेळी थांबलं की एक कटिंग सांडला! शहरात दोन थांब्यांमध्ये अर्धा किलोमीटर धरला, तर किलोमीटरला दोन वेळा थांबणं भागच आहे, त्याशिवाय बसला अर्थ नाही. पण सिग्नल, आडवी आलेली रिक्षा, थांब्यावरच उभी केलेली कार, यांमुळे जे थांबणं वाढतं त्याचा प्रवाशाला काडीचा उपयोग नसतो. शिवाय उभ्या बसचं इंजिन चालू असतंच, ते तासाला दीड-दोन लिटर पितं. एसी असेल तर जास्त.

आता बघा, कार्यशाळेच्या हातात काय आहे? टायरमधली हवा, एअर फिल्टर, घासणारे ब्रेक, इंजेक्टर. ड्रायव्हरच्या हातात काय आहे? क्लचवर पाय ठेवून न चालवणं, पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच ॲक्सिलरेटर सोडणं. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना 1978 साली स्थापन झाली, तेव्हापासून ती हेच शिकवत आली आहे. ते शिकवणं योग्यच आहे आणि त्याने काही टक्के इंधन नक्की वाचतं. पण कोंडीत अडकलेल्या ड्रायव्हरच्या नावावर कमी ॲव्हरेज लिहिणं म्हणजे चौकाचा दंड माणसाकडून वसूल करणं झालं.

धुराचंही तसंच आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानक लागू झालं, डिझेलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आलं. ही मोठी सुधारणा आहे, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण या गाड्यांमधली काजळी अडवणारी जाळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करणारी यंत्रणा, दोन्हींना नीट काम करायला तापलेला धूर लागतो. रांगत चालणाऱ्या बसचा धूर पुरेसा तापत नाही. मग जाळी चोंदते, ती साफ करायला जादा डिझेल जाळावं लागतं. म्हणजे इंजिन उत्तम आणलं तरी खराब रस्ता त्याचा गुण खातोच.

दुसरी गोष्ट प्रवासी. बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते असं धरू. तीत 40 माणसं असतील, तर एका लिटरमध्ये 140 प्रवासी-किलोमीटर झाले. दीड माणूस नेणारी कार शहरात लिटरला 12 देत असेल, तर तिचे झाले 18. बस कारच्या जवळपास आठपट चांगली. पण त्याच बसमध्ये 12 माणसं असतील तर? 42 प्रवासी-किलोमीटर. आणि लिटरला 45 देणारी, सरासरी सव्वा माणूस नेणारी दुचाकी? 56. म्हणजे रिकामी बस दुचाकीपुढे हरते. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात हा हिशेब दडवून चालणार नाही. उलट रिकाम्या बसचं ॲव्हरेज भरलेल्या बसपेक्षा थोडं चांगलंच येतं, वजन कमी ना! जी मोजपट्टी रिकाम्या गाडीला जास्त गुण देते, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा?

तिसरी गोष्ट वेळ. एका मार्गावर जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि दर दहा मिनिटांनी बस द्यायची आहे, तर 12 गाड्या लागतात. तीच फेरी दीड तासात झाली तर 9 पुरतात. किंवा त्याच 12 गाड्यांत दर साडेसात मिनिटांनी बस देता येते. बस लवकर आली की माणसं चढतात, माणसं चढली की प्रत्येकामागचं इंधन उतरतं. डिझेलच्या टाकीला हात न लावता झालेली ही बचत ॲव्हरेजच्या रकान्यात जवळजवळ दिसतच नाही.

म्हणून बसला वेगळी मार्गिका देणं हा आमच्या मते इंधनाचाच प्रश्न आहे. पुण्याने 2006च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू केला, देशातला पहिला. 2015 पासून नव्या मार्गिकाही आल्या. पुढे नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा भाग काढून टाकण्यात आला. दिल्लीने न्यायालयाच्या आदेशानंतर 2002 अखेर सगळ्या बस सीएनजीवर आणल्या, 2008 मध्ये बसमार्गिका केली आणि 2016 मध्ये ती उखडली. दोन्ही शहरांत मार्गिकांच्या आखणीत, चौकांत, रस्ता ओलांडणाऱ्यांच्या सोयीत दोष होते, हे मान्य. पण दोष दुरुस्त करण्याऐवजी मार्गिकाच काढली, तेव्हा वाढणाऱ्या इंधनाचा हिशेब कुणी मांडला? गाडीचं इंधन बदलताना कुणाचा रस्ता जात नाही, म्हणून ते सोपं. मार्गिकेसाठी कारची जागा घ्यावी लागते, तिथे सगळे गप्प.

आता कुणी म्हणेल, हे सगळं डिझेलचं झालं, विजेची बस आली की प्रश्न मिटला. आम्ही विजेच्या बसचे समर्थक आहोत. थांबली की ती इंधन पीत नाही, ब्रेक मारताना काही ऊर्जा बॅटरीत परत घेते, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या नाकात धूर सोडत नाही. पण कार्बनचा हिशेब बघा. एसी बस किलोमीटरला सव्वा युनिट वीज घेते असं धरा. आपल्या ग्रीडमध्ये युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची. म्हणजे किलोमीटरला पावणेनऊशे ग्रॅम. साध्या बिगर-एसी डिझेल बसचे होतात पावणेआठशेच्या आसपास. एसी डिझेल बस किलोग्रॅमच्या वर जाते, तिच्याशी तुलना केली तर फायदा आहे, ग्रीड सुधारेल तसा तो वाढेल. पण आजच्या तारखेला रिकामी विजेची बस ही हवामानाची कैवारी नव्हे.

आणि करार कसे होतात? ठेकेदाराला किलोमीटरमागे ठराविक दर. गाडी भरली काय, रिकामी धावली काय, बिल तेवढंच. म्हणजे पट्टी डेपोतून उचलली आणि करारात ठेवली.

वाहतूक अधिकारी म्हणतात, रस्ता आमच्या ताब्यात नाही. तो महापालिकेचा, चौक पोलिसांचा. अगदी खरं आहे. म्हणूनच एकट्या डेपोच्या आकड्यावर समाधान मानू नये. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मार्गासाठी दर महिन्याला तीन आकडे जाहीर करा : प्रवासी-किलोमीटरमागे किती इंधन किंवा वीज गेली, बसचा सरासरी वेग किती, आणि फेरीतला किती वेळ ती थांब्याबाहेर उभी होती. पहिल्याचं उत्तर परिवहन मंडळाने द्यावं, उरलेल्या दोन्हींचं आयुक्त आणि वाहतूक पोलिसांनी. तिकीट यंत्रं आणि जीपीएस आहेतच, बरीचशी माहिती गोळा होतेच आहे.

पुढच्या वेळी नव्या बसचा ताफा हिरवा झेंडा दाखवून निघेल, तेव्हा एवढंच विचारा : ही गाडी कुठल्या मार्गिकेतून धावणार आहे, आणि तीत किती माणसं बसणार आहेत?

आता प्रश्न घेऊ.