‘हॅम्लेट’ नाटकांतील सूड : तीन प्रतींची साक्ष

इ. स. १६०२ च्या जुलै महिन्याच्या २६ व्या तारखेस लंडन येथील मुद्रक व पुस्तकविक्रेते यांच्या संघाच्या नोंदवहींत जेम्स रॉबर्ट्स या मुद्रकानें एका नाटकाची नोंद करविली. त्या नोंदींत नाटकाचें नांव डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट याचा सूड अशा अर्थाचें आहे. पुढच्याच वर्षीं नाटक छापून निघालें तेव्हां मुखपृष्ठावरून ‘सूड’ हा शब्द गेलेला असून त्या जागीं शोकपर्यवसायी इतिहास अशा अर्थाचे शब्द आलेले दिसतात. एका शब्दाच्या लोपावरून ग्रंथकर्त्याचें मन ओळखूं पाहणें धाडसाचें होईल. तथापि या दोन नांवांमध्यें जें अंतर आहे, तेंच नाटकाच्या आरंभीं नायकावर सोपविलेलें कार्य व शेवटीं प्रत्यक्ष घडलेली गोष्ट यांच्यामध्यें आहे, असें आमचें मत झालें आहे. आणि या मताची परीक्षा नाटकाच्या मूळ प्रती ताडून पाहिल्यावांचून होण्यासारखी नाहीं. शेक्सपिअरवरील टीका आपल्याकडे बहुधा पात्रांच्या स्वभावावरून चालते, प्रतींवरून क्वचितच. म्हणून हा विषय जुन्या कागदांच्या शोधकांपुढें मांडीत आहों.

प्रथम प्रतींची हकीकत. पहिली छापील प्रत इ. स. १६०३ ची. ती क्वार्टो आकाराची, म्हणजे एका तावास दोन घड्या घालून चार पानें केलेली आहे. तींत सुमारें २,२०० ओळी आहेत. दुसऱ्या क्वार्टोच्या कांहीं प्रतींवर १६०४ व कांहींवर १६०५ असा सन आहे. तिच्या ओळी सुमारें ३,८०० असून, नाटक पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट वाढविलें आहे व खऱ्या आणि संपूर्ण प्रतीवरून छापलें आहे, अशी ग्वाही तिचें मुखपृष्ठच देतें. तिसरा पाठ कवीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं, इ. स. १६२३ मध्यें, त्याच्या सहकारी नटांनीं काढलेल्या नाट्यसंग्रहांतील होय. या संग्रहाचा ताव एकदांच दुमडलेला असल्यामुळें त्यास फोलिओ म्हणतात. दुसऱ्या क्वार्टोंतील सुमारें २३० ओळी फोलिओंत नाहींत. उलट फोलिओंतील सुमारें ७० ओळी दुसऱ्या क्वार्टोंत नाहींत.

पहिली क्वार्टो दीर्घकाळ विस्मृतींत पडली होती. इ. स. १८२३ मध्यें सर हेन्री बनबरी यांस आपल्या घरच्या पुस्तकांत तिची एक प्रत मिळाली. तिचें शेवटचें पान गहाळ होतें. इ. स. १८५६ मध्यें डब्लिन येथील एका पुस्तकविक्रेत्याच्या हातीं दुसरी प्रत आली. तिचें मुखपृष्ठ गहाळ होतें. एकीचें तोंड व दुसरीचे पाय जुळवून ग्रंथ पुरा झाला. आज या दोनच प्रती ज्ञात असून पहिली कॅलिफोर्नियांतील हंटिंग्टन ग्रंथालयांत व दुसरी लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहे. हिचा पाठ बराच विस्कळित आहे. कोणा नटानें आठवणीवरून सांगितलेल्या मजकुरावरून तो तयार झाला, असें पुष्कळ पंडित म्हणतात. तें सर्वमान्य नाहीं. परंतु अडखळत बोलणारा साक्षीदार खोटाच असतो असें नाहीं, हें बखरी चाळणारांस सांगावयास नको.

आतां कथेकडे वळूं. मूळ कथा डेन्मार्कचा इतिहास लॅटिन भाषेंत लिहिणाऱ्या सॅक्सो ग्रामॅटिकस याच्या, इ. स. १२०० च्या सुमाराच्या ग्रंथांत आहे. तो ग्रंथ पॅरिस येथें इ. स. १५१४ मध्यें छापला गेला व बेलफोरे या फ्रेंच लेखकानें इ. स. १५७० मध्यें ती कथा आपल्या संग्रहांत घेतली. सॅक्सोच्या कथेंत भावानें भावाला मारल्याची गोष्ट गुप्त नाहीं. सर्व दरबारास ती ठाऊक आहे. राजपुत्र ॲम्लेथ वेडाचें सोंग घेतो, संधीची वाट पाहतो, आपल्याच उत्तरक्रियेच्या मेजवानींत सरदारांस मद्य पाजून त्यांच्यासह दिवाणखाना जाळतो, मग चुलत्यास त्याच्या शयनगृहांत ठार करतो. नंतर लोकांपुढें भाषण करून तो राजा होतो. पुढें कालांतरानें तो लढाईंत पडतो, पण तो निराळा अध्याय. येथें सूड हें एक काम आहे. तें नीट योजलें जातें, नीट पार पडतें व करणारास राज्य देऊन जातें.

शेक्सपिअरच्या हातीं ही घडण मुळांतूनच बदलली. खून गुप्त झाला, त्याचा साक्षीदार म्हणून भूत आलें, आणि भुताच्या शब्दाची खातरजमा करण्याकरितां नाटकांत नाटक आलें. परंतु खरा फेर पुढेंच आहे. नाटकांतील नाटक पाहून राजा क्लॉडिअस अस्वस्थ होतो व एकटाच प्रार्थनेस बसतो. हॅम्लेट तरवार उपसून मागें उभा आहे. पुरावा मिळालेला आहे, शत्रु पाठमोरा आहे, कोणी रक्षक नाहीं. तरीही तो थांबतो. प्रार्थना करीत असतां मारलें तर हा स्वर्गास जाईल. मग तो सूड कसला? पापकर्मांत गुंतला असतां मारावा, म्हणजे आत्म्यासही नरक मिळेल, असें तो म्हणतो. हे उद्गार वाचवत नाहींत इतके घोर आहेत, असें डॉ. जॉन्सन यानें इ. स. १७६५ च्या आपल्या आवृत्तींत म्हटलें. आणि हॅझलिटसारख्या टीकाकारांनीं, हें कारण नव्हे, आपल्या कचरेपणावर घातलेलें पांघरूण आहे, असा अर्थ लावून नायकास त्या घोरपणांतून सोडविलें.

आम्हांस ही सोडवणूक मान्य नाहीं. प्रार्थनेचा हा प्रवेश तिन्ही प्रतींत आहे, व तिन्हींत नायक हेंच कारण देतो. तो निघून गेल्यावर राजा उठतो आणि आपलें मन प्रार्थनेंत नव्हतें, शब्दच तेवढे वर गेले, अशी कबुली देतो. हेंही तिन्हींत आहे. म्हणजे ज्या नरकासाठीं हॅम्लेट थांबला तो त्या क्षणींही राजास चुकला नसता. पिशाचानें पित्याच्या खुनाचा बदला मागितला होता. आत्म्याच्या शाश्वत दंडाची मागणी त्याची नव्हती. ती हॅम्लेटनें स्वतः वाढविली. सर्वसाधारण समज असा कीं, नायकाच्या दिरंगाईनें अनर्थ झाला. प्रतींची साक्ष निराळी आहे. या प्रवेशांत दिरंगाई दुर्बलतेची नसून हांवेची आहे. माणसाच्या अधिकारांत जेवढा सूड येतो त्याहून अधिक सूड मागण्याची आहे.

या हांवेची किंमत मोजून पाहावी. त्या क्षणीं तरवार चालती तर एकच मनुष्य मरता. तो प्रसंग टळल्यावर लगेच, आईच्या दालनांत, पडद्याआड लपलेला पोलोनिअस राजा समजून मारला जातो. त्याच्या मुलीला, ऑफीलियाला, वेड लागून ती पाण्यांत बुडते. राजाचे निरोपे झालेले रोझेन्क्रांट्झ व गिल्डेनस्टर्न हे बालमित्र हॅम्लेटनें बदललेल्या पत्रामुळें इंग्लंडांत मारले जातात. शेवटच्या द्वंद्वांत राणी विषाचा पेला पिते, लेअर्टीझ व हॅम्लेट एकाच विषारी तरवारीनें घायाळ होतात, आणि मग कोठें राजा मरतो. एकूण आठ माणसें; आठही त्या प्रार्थनेनंतर; अपराधी त्यांत एकच.

राजाचा तो अंतही सूड म्हणतां येईल असा नाहीं. ती वेळ हॅम्लेटनें नेमलेली नव्हे, तें शस्त्र त्यानें निवडलेलें नव्हे. दोन्ही राजाच्याच कपटानें सिद्ध झालेलीं आहेत. राजावर वार करतांना त्याच्या तोंडीं आईचा उल्लेख येतो, बापाचा येत नाहीं. पुढें होरेशिओ घडल्या गोष्टींचा गोषवारा सांगतो, त्यांत आकस्मिक हत्या, कपटानें घडविलेले मृत्यु व करणारांवरच उलटलेले बेत यांची यादी आहे. सूड घेतला गेला असें एकही वाक्य नाहीं. हा गोषवारा दुसऱ्या क्वार्टोंत व फोलिओंत सारखाच आहे.

कवीनें या कथेंत बाप गमावलेले तीन मुलगे समोरासमोर उभे केले आहेत. हॅम्लेटचा बाप क्लॉडिअसनें मारला, लेअर्टीझचा हॅम्लेटनें मारला आणि नॉर्वेच्या फोर्टिन्ब्रासचा हॅम्लेटच्या बापानें उघड द्वंद्वांत मारला. लेअर्टीझ क्षणाचाही विचार न करतां सुडास धांवतो व विषाचा आश्रय करतो. फोर्टिन्ब्रास बापाच्या गेलेल्या मुलखासाठीं सैन्य जमवितो, पण वृद्ध चुलत्यानें आवरतांच डेन्मार्कचा नाद सोडून पोलंडकडे वळतो. शेवटीं ज्यानें सूड सोडला त्यालाच राज्य मिळतें, तेंही तरवार न उपसतां. दुसऱ्या क्वार्टोंत व फोलिओंत थडगें खणणारा सांगतो कीं, थोरल्या हॅम्लेटनें फोर्टिन्ब्रासच्या बापाला जिंकलें त्याच दिवशीं धाकट्या हॅम्लेटचा जन्म झाला व त्याच दिवसापासून आपण हें काम करीत आहों. त्या एका दिवशीं मिळविलेला जय ज्याच्या जन्माबरोबर आला, त्याच्याच मृत्यूबरोबर तो शत्रूच्या मुलाकडे परत जातो.

येथवर प्रती बहुतांशीं एकमत आहेत. सूड योग्य कीं अयोग्य, या प्रश्नावर मात्र त्या फुटतात, आणि तें फुटणें अत्यंत बोधप्रद आहे.

पहिल्या क्वार्टोंत राणी आपण खुनाविषयीं कांहींच जाणत नव्हतों असें शपथेवर सांगते व मुलाच्या सुडास साह्य करण्याचें वचन देते. पुढें होरेशिओ तिला भेटून मुलाच्या सुटकेची बातमी देतो. हा प्रवेश इतर दोन पाठांत नाहीं. त्यामुळें येथें सूड हें कुटुंबाचें कार्य होतें, आईच्या संमतीनें त्यास एक प्रकारची मान्यता मिळते. हा पाठ सॅक्सोच्या जुन्या कथेस सर्वांत जवळचा आहे.

दुसऱ्या क्वार्टोंत, पहाऱ्यांत इंग्लंडकडे निघालेल्या हॅम्लेटला वाटेंत फोर्टिन्ब्रासचें सैन्य दिसतें. ज्या जमिनींत मेलेल्यांचीं थडगींही मावणार नाहींत अशा तुकड्यासाठीं वीस हजार माणसें मरावयास चाललीं आहेत, हें पाहून त्याला शरम वाटते ती स्वतःची. आणि यापुढें आपले विचार रक्ताचेच असावेत असा तो निश्चय करतो. वेडेपणा डोळ्यांनीं पाहून तो त्याचाच कित्ता घेतो. हें स्वगत फोलिओंत नाहीं.

फोलिओंत त्याऐवजीं शेवटच्या अंकांत कांहीं ओळी अधिक आहेत. दुसऱ्या क्वार्टोंत राजाचे अपराध मोजून हॅम्लेट सदसद्विवेकाविषयीं प्रश्न विचारतो, तों संभाषण तुटतें. फोलिओंत तो प्रश्न पुरा होतो : या राजास मारणें विवेकास धरून नाहीं काय, आणि त्यास पुढेंही अनर्थ करूं देणें हेंच पाप नव्हे काय? येथें मागील खुनाच्या बदल्यापेक्षां पुढील अनर्थाच्या निवारणाचा विचार प्रधान झाला आहे. त्यालाच लागून, आपण लेअर्टीझशीं उद्दामपणें वागलों याचा तो पश्चात्ताप करतो. आपल्या दुःखाच्या चित्रांत त्याच्याही दुःखाचें चित्र दिसतें असें म्हणतो. ज्याच्या बापाला आपण मारलें तो आपल्यासारखाच आहे, ही ओळख सुडाचें मूळच उपटणारी आहे. पहिल्या विस्कळित क्वार्टोंतही या ओळखीचा एक अंश टिकून राहिला आहे, हें तिच्या निंदकांनीं ध्यानांत घ्यावें.

अठराव्या शतकापासून संपादकांनीं दुसरी क्वार्टो व फोलिओ एकत्र कालवून एक मोठा पाठ सिद्ध केला. त्यामुळें रक्ताचा निश्चय करणारा व विवेकाचा प्रश्न पुरा विचारणारा हे दोन निरनिराळे हॅम्लेट एका अंगांत आले, आणि मग त्या पुरुषाच्या मनाच्या गूढतेवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. त्या गूढतेपैकीं कांहीं भाग कवीचा असेल. कांहीं भाग निश्चितच संपादकांच्या कात्रीचा व डिंकाचा आहे. ऑक्सफर्डच्या इ. स. १९८६ च्या आवृत्तीनें फोलिओ मुख्य धरून क्वार्टोचे अधिक उतारे शेवटीं काढले, आणि आर्डन मालेच्या इ. स. २००६ च्या आवृत्तीनें तिन्ही पाठ वेगळे छापले, तेव्हां हा गुंता सुटूं लागला.

आगरकरांचें ‘विकारविलसित’ इ. स. १८८३ मध्यें प्रसिद्ध झालें तेव्हां मिश्र पाठच सर्वत्र रूढ होता. त्या नांवांत राजपुत्र नाहीं, सूडही नाहीं, विकार आहे. दुसऱ्या क्वार्टोच्या हॅम्लेटला हें नांव जितकें शोभतें तितकें फोलिओच्या हॅम्लेटला शोभत नाहीं. कारण तेथें शेवटीं विकार शांत होऊन विवेक बोलूं लागतो. हा आगरकरांचा दोष नव्हे; त्यांच्या काळच्या प्रचलित पाठाचा तो परिणाम आहे.

आपल्याकडे भांडारकर संस्थेनें इ. स. १९१९ मध्यें हातीं घेतलेली व इ. स. १९६६ मध्यें पुरी झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति या बाबतींत आदर्श आहे. तींत पाठभेद टीपांत व अधिक मजकूर परिशिष्टांत राहतो, त्यामुळें वाचकास जोड दिसते. पित्याच्या कपटवधाचा सूड घेणाऱ्या अश्वत्थाम्याचें सौप्तिकपर्व त्याच ग्रंथांत आहे, व निद्रिस्तांच्या त्या संहारांतही अपराध्यांहून निरपराधच अधिक पडले आहेत.

ज्यांच्या संग्रहीं एकाच बखरीच्या दोन प्रती असतील, त्यांस आमची एवढीच विनंती कीं, त्या न कालवतां जवळजवळ ठेवाव्या. एका प्रतींत सूडास न्याय म्हटलेलें असेल व दुसरींत त्यावर पश्चात्ताप केलेला असेल, तर तो विरोध हाच इतिहास होय. तो मिटविण्याचा अधिकार संपादकास नाहीं.