कातडं बदललं, पण सांगाडा? – ‘टारझन’ची गाडी आणि आपलं मॉडिफिकेशन

(बुलढाणा येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काहींना वाटलं असेल, समीक्षेच्या व्यासपीठावर शॉकअप आणि गिअरबॉक्सचं काय काम? पण ज्या वस्तूवर माणसं जीव टाकतात आणि कर्ज काढून पैसा घालतात, तिची समीक्षा व्हायलाच पाहिजे. जुनी गाडी घेऊन ती मॉडिफाय करायची, हे वेड आता तालुक्यातालुक्यात आहे. त्या वेडाचं स्वच्छ चित्र बघायचं तर मी एका हिंदी सिनेमाकडे बोट दाखवीन. २००४ सालचा, अब्बास-मस्तान यांचा ‘टारझन : द वंडर कार’.

गोष्ट आठवते ना? गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या बापाचा खून होतो. पुढे मुलाला बापाची गाडी भंगारात सापडते. तो ती घरी आणतो, रात्रंदिवस खपतो, आणि एक दिवस झळाळती जांभळी स्पोर्ट्स कार बाहेर येते. मग बापाचा आत्मा त्या गाडीतून सूड घेतो.

सिनेमाला आधी त्याचं श्रेय देऊ. हाताला ग्रीस लागलेला पोरगा नायक झाला, ही लहान गोष्ट नव्हती. गॅरेजात काम करणाऱ्या कितीतरी पोरांना त्यात स्वतःचं काहीतरी दिसलं. गाडीचं रूप घडवलं मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी. स्पोर्ट्स कार बाजारात जवळपास नव्हत्याच, अशा काळात त्यांनी लोकांना असं काही दाखवलं, हेही खरं.

आता माझी तक्रार ऐका. त्या गाडीच्या पोटात होती टोयोटाची एमआर-२. म्हणजे जपानी बनावटीची दोन माणसांची स्पोर्ट्स कार, इंजिन सीटच्या मागे, ओढ मागच्या चाकांना. सिनेमात आपल्याला काय दिसतं? रंग, दिवे, दारं, काच. गाडी वळते कशी, थांबते कशी, मुलाने तिच्या चाकांखाली काय केलं, यावर कॅमेरा थांबतच नाही. सगळं बदल म्हणजे कातड्याचा बदल. ताकद कुठून येते? तर भुतापासून! मिस्त्रीची विद्या जिथे दाखवायची, तिथे चमत्कार बसवला. याला मी सिनेमाचा मूळ दोष म्हणतो.

गंमत अशी, की एमआर-२ची स्वतःची कथा त्या पटकथेपेक्षा रंजक आहे. तिची दुसरी पिढी १९८९ साली आली. गाडी देखणी, चपळ. पण लवकरच तिची एक खोड गाजली. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की शेपूट सुटायची आणि गाडी गर्रकन फिरायची.

असं का होतं, ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायची गरज नाही. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. एमआर-२मध्येही इंजिनामुळे वजनाचा मोठा वाटा मागे. पाय काढला की भार पुढे सरकतो, मागच्या चाकांची पकड हलकी होते, आणि मागचं ते वजन गोफणीतल्या दगडासारखं बाहेर ओढ घेतं. त्याच क्षणी मागचं सस्पेन्शन खाली सुटतं आणि चाकांचा कोन थोडा बदलतो. एवढं पुरे होतं.

मग टोयोटाने काय केलं? १९९३च्या मॉडेलपर्यंत सस्पेन्शनची भूमिती सुधारली, टायरची मापं बदलली. बाहेरून बघणाऱ्याला फारसं काही कळणार नाही. पण गाडीचा स्वभाव निवळला. मंडळी, याला म्हणतात मॉडिफिकेशन! गाडीत दोष कुठे आहे हे ओळखून तिथेच हात घालणं. ‘टारझन’ने नेमकी हीच गोष्ट जांभळ्या पत्र्याखाली झाकली.

आता आपल्या रस्त्यावर या. समृद्धी महामार्गावर गाडीचं इंजिन कळतं. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जाताना, किंवा बोथ्याच्या जंगलातून खामगावला जाताना कळतं ते सस्पेन्शन आणि ब्रेक. आणि आपली पोरं सुरुवात कुठून करतात? दिसण्यापासून. गाडी ‘बसलेली’ दिसावी म्हणून मागच्या पाट्यांतला एक पाटा काढतात. जुन्या प्रीमियर पद्मिनीला मागे पाटेच होते, म्हणून तिचं उदाहरण घेतो. पाटा काढला की उरलेल्या पाट्यांवर भार वाढतो, खड्ड्यात एक्सल थेट रबरावर आदळतो. त्यावर कुणी मोठं इंजिन बसवलं, तर जोर देताच एक्सल स्वतःभोवती पिळतो आणि पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वाकतात. क्लच, गिअरबॉक्स, क्रॉस, डिफरन्शियल, या साखळीत जी कडी कच्ची ती तुटते. ती घाटात तुटली तर?

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी टायर आणि ब्रेक. मग बुश, शॉकअप, स्प्रिंग, अलाइनमेंट. इंजिन शेवटी, आणि तेही मागची सगळी साखळी तो जोर पेलणार असेल तरच. चांगला मिस्त्री हे पहिल्या दिवशी सांगतो. गिऱ्हाईक ऐकत नाही, कारण नव्या बुशचा फोटो काढून कुणाला दाखवणार?

कायद्याबद्दलही बोललं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. २०२१मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम आले. त्यात गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. हेतू चांगला आहे. वाट्टेल ते करून गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला आळा हवाच.

पण समीक्षक म्हणून मला यात एक उणीव दिसते. ‘मूळ रूप’ म्हणजे कोणतं? १९८९ची एमआर-२ मूळ, की कंपनीनेच दुरुस्त केलेली १९९३ची? कंपनीचं मूळसुद्धा कधीकधी चुकतं आणि कंपनीच ते सुधारते. गाडी सुरक्षित करणारा बदल आणि गाडी धोक्यात घालणारा बदल, यांच्यातला फरक सांगणारी भाषा आपल्याकडे तयार व्हायला हवी. ती कायद्यात यायची तर आधी गॅरेजात आणि आपल्या बोलण्यात यावी लागेल. आज आपण विचारतो, ‘किती पळते?’ आणि ‘दिसते कशी?’ वळणावर पाय काढला तर काय करते, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी कौतुकाने आपली मॉडिफाय केलेली गाडी दाखवली, तर बॉनेटकडे नंतर बघा. आधी खाली वाका, चाकामागे डोकवा आणि विचारा, ‘इथे काय केलंस, दादा?’ उत्तर आलं तर तो जाणकार. हसण्यावारी नेलं, तर त्याच्यासोबत घाट उतरू नका.