वाचनीय प्रतिस्पर्धी : 'सुपर पंच-आउट!!'चे पुनर्वाचन

१

एखाद्या यशस्वी कृतीचा उत्तरभाग वाचणे म्हणजे एकाच वेळी दोन संहिता वाचणे होय. समोरची संहिता आपले कथन करीत असते आणि पूर्वसंहितेने घडवलेल्या अपेक्षांशी तिचा व्यवहारही चालू असतो. कादंबरीच्या संदर्भात हे सहज मान्य होते. व्हिडिओ गेमसारख्या रूपबंधाबाबत मात्र हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीने सुपर निन्टेन्डो या १६ बिटी यंत्रासाठी १९९४ साली काढलेला 'सुपर पंच-आउट!!' हा मुष्टियुद्धाचा खेळ या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. त्याच्या लोकप्रियतेची मीमांसा करणे हा येथील हेतू नाही. प्रतिस्पर्ध्याला 'वाचणे' आणि प्रतिस्पर्ध्याला जिंकणे यांत या खेळाने जे समीकरण मांडले आहे, ते तपासावयाचे आहे.

२

या मालिकेचा मूळ प्रश्न दृष्टीचा होता. खेळणारा आपल्या योद्ध्याच्या पाठीमागे उभा असतो. मग समोरचा त्याला दिसावा कसा? १९८४च्या आर्केड यंत्रात योद्ध्याचे शरीर हिरव्या तारांच्या सांगाड्यासारखे रेखाटून हा प्रश्न सोडवला गेला. १९८७ साली माइक टायसनच्या नावाने आलेल्या ८ बिटी गृहआवृत्तीत नायकच लहानखुरा करण्यात आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचा हा लिटल मॅक प्रतिस्पर्ध्याच्या कमरेशी येई. १९९४च्या खेळात नायक पुन्हा मोठा झाला. पण गरजेप्रमाणे तो पारदर्शक होतो आणि त्याचे नावही खेळणाऱ्यानेच लिहावयाचे असते. पूर्वीच्या खेळात दोन फेऱ्यांच्या मध्ये कानमंत्र देणारा डॉक लुईस हा प्रशिक्षक येथे नाही, कारण फेरीच एक आहे, तीन मिनिटांची. गुणांवर निकाल नाही. तीन मिनिटांत समोरचा कोसळला नाही, तर खेळणारा हरतो.

परिणामी नायक जवळजवळ चिन्हरहित झाला आहे आणि अर्थाचा सगळा भार प्रतिस्पर्ध्याच्या देहावर येऊन पडला आहे. त्याचा खांदा हलतो, डोळे चमकतात, तो एक पाऊल मागे सरतो. या प्रत्येक हालचालीचा अर्थ ठरलेला आहे आणि त्याचे उत्तरही ठरलेले आहे. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे शरीर केवळ अभिधेत बोलते. व्यंजनेला येथे वाव नाही.

रोलां बार्थ यांनी १९५७ साली 'मिथॉलॉजीज'मध्ये समाविष्ट केलेल्या लेखात व्यावसायिक कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांतील भेद दाखवला होता. त्यांच्या मते मुष्टियुद्धातील क्षणाचा अर्थ पुढच्या निकालावर अवलंबून असतो, तर कुस्तीच्या त्या नाट्यात प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण आणि तत्काळ उमगणारा असतो. या कसोटीवर 'सुपर पंच-आउट!!' नावाने मुष्टियुद्ध असले, तरी प्रकृतीने कुस्तीचे नाट्यच आहे. फरक इतकाच, की बार्थ यांचा प्रेक्षक अर्थ पाहून तृप्त होतो. येथे अर्थ वेळेत लागला नाही, तर वाचकालाच ठोसा बसतो.

३

उत्तरभाग म्हणून या खेळाचे कौशल्य त्याच्या श्रेणीरचनेत दिसते. चार सर्किटांत विभागलेल्या १६ प्रतिस्पर्ध्यांपैकी पहिला गॅबी जे हा पॅरिसचा. १९८७चा सर्वांत दुबळा प्रतिस्पर्धी ग्लास जो हाही पॅरिसचाच होता. इस्तंबूलचा बॉल्ड बुल पूर्वी मेजर सर्किटचा विजेता होता. आता तो मायनर सर्किटच्या शेवटी उभा आहे. जो काल शिखरावर होता त्याला आज पायथ्याशी आणून हा खेळ जाणत्या वाचकाच्या साक्षरतेचा आदर करतो आणि तिची परीक्षाही घेतो.

त्यानंतर संकेतभंग सुरू होतो. हाँगकाँगचा ड्रॅगन चॅन लाथा मारतो, मेक्सिकोचा मास्क्ड मसल डोळ्यांत थुंकतो, वृद्ध हॉय क्वार्लो काठी चालवतो. मुष्टियुद्धाचे नियम मोडले जातात आणि कोणी हरकत घेत नाही. परंतु संकेतभंगही दोन-तीन पराभवांत अंगवळणी पडतो आणि नवा संकेत होऊन बसतो. हा खेळ वाचकाला धक्का देतो. पण त्याची वाचनपद्धती बदलावी अशी वेळ त्याच्यावर आणत नाही.

४

खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. ज्या रीतीने ठोसा वाचला जातो त्याच रीतीने देशही वाचला जातो. १९८७च्या खेळातील ग्रेट टायगर हा याचा सर्वांत बोलका दाखला आहे. त्याचा पत्ता मुंबई, भारत. डोक्यावर फेटा, फेट्यावर रत्न, आणि जादूने अदृश्य होऊन पुन्हा प्रकटण्याची कला. ते रत्न लुकलुकले की ठोसा येणार हे ओळखावयाचे. म्हणजे एकच चिन्हक दोन चिन्हितांचे काम करते : ते ठोशाची सूचना देते आणि 'भारत' असेही म्हणते. गिरण्या, लोकल गाड्या आणि चाळींनी ज्या शहराची ओळख घडवली, तेथील वाचकाला हा आपल्या गावचा मल्ल ओळखता येणार नाही. पण खेळाच्या व्यवस्थेत त्याने ओळखण्याची गरजही नाही. तो तेथे वाचक नसून मजकूर आहे.

१९९४च्या खेळात ग्रेट टायगर नाही. त्यामागची योजना मात्र कायम आहे. तिला केवळ पाश्चात्त्य नजरेचा दोष म्हणून चालणार नाही, कारण निर्माते जपानी आहेत आणि ओसाकाचा हेइके कागेरो, आपले लांब केस फटकारणारा, हे त्यांनी स्वतःचेच काढलेले सोंग आहे. तीन मिनिटांच्या अवधीत परका देह ओळखू यावयाचा तर ठसठशीत साचे अपरिहार्य होते, असाही युक्तिवाद करता येईल. तो अर्धाच खरा आहे. ठळक चिन्ह हवे ही रूपबंधाची गरज असते. ते चिन्ह राष्ट्राचेच असावे ही त्याची गरज नसते. लंडनचा नार्सिस प्रिन्स याच खेळात त्याचा पुरावा देतो. त्याच्या चेहऱ्यावर ठोसा बसला की रूपाच्या अभिमानाने तो संतापतो आणि त्याचा बचाव सुटतो. येथे देशाऐवजी स्वभाव वाचला जातो, आणि खेळ तेवढाच सुगम राहतो.

५

शेवटचा प्रतिस्पर्धी निक ब्रूझर याच्या नावापुढे गाव नाही. इतर योद्धे बढाया मारतात. याच्या वाट्याला फक्त टिंबे आहेत. पंधरा ठसठशीत चिन्हांनंतर येणारे हे मौन हाच खेळाचा सर्वांत अर्थपूर्ण क्षण म्हणावा लागेल. ज्याचा अर्थ लागत नाही त्याचेच भय वाटते, अशी ही कबुली आहे. परंतु तिच्यावरही खेळ ठाम राहत नाही. ब्रूझरच्या हालचालीही अखेर पाठ होतात. इतक्या, की काही निष्णात खेळाडूंनी डोळ्यांवर पट्टी बांधून, केवळ ध्वनींच्या आधारे हा खेळ पूर्ण केला आहे. त्या अवस्थेत वाचनाचे पाठांतर झालेले असते.

२०२२ साली, प्रकाशनानंतर २८ वर्षांनी, या खेळात दडलेली एक रीत उजेडात आली. काही कळा ठरावीक वेळी एकत्र दाबल्या असता प्रतिस्पर्ध्याचे नियंत्रण दुसऱ्या माणसाच्या हाती देता येते. हा कुणी बाहेरून केलेला प्रक्षेप नव्हे. ही शक्यता संहितेत आरंभापासून होती. या रीतीने खेळताना तेच देह, तीच चिन्हे समोर असतात, पण चिन्हामागे आता इच्छा असते. खांदा हलेल आणि ठोसा येणारही नाही. पाठांतर निरुपयोगी ठरते. पॅरिसचा तो दुबळा म्हातारा गॅबी जेसुद्धा हुलकावणी देऊ शकतो.

वाचनीय प्रतिस्पर्धी हा वाचनीय असतो, कारण त्याला स्वतःची इच्छा दिलेली नसते. साच्यातील राष्ट्रांचेही तसेच आहे. 'सुपर पंच-आउट!!' जवळजवळ तीन दशके एकाच अंगाने वाचला गेला आणि त्या अंगाने तो आजही उत्कृष्ट खेळ आहे. त्याची दुसरी बाजू मात्र तेव्हाच उघडते, जेव्हा समोरच्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसते. पारदर्शक नायकाच्या आडून पाहणाऱ्याला तेव्हा प्रथमच जाणवते, की आता तोही वाचला जात आहे.