हंसा वाडकर : कारकिर्दीतील चढ-उतार आणि ‘सांगत्ये ऐका’

प्रस्तावना :
हंसा वाडकर (१९२३-१९७१) यांच्या कारकिर्दीची चर्चा बहुधा ‘उत्कर्ष आणि ऱ्हास’ या चौकटीत होते. उत्कर्षाचे श्रेय अभिनयाला दिले जाते आणि ऱ्हासाचे खापर बेबंद जगण्यावर फोडले जाते. ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे त्यांचे आत्मकथन मात्र या विभागणीला दुजोरा देत नाही. त्या दृष्टीने त्याचे पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कारकिर्दीचा आलेख :
रतन साळगावकर हे त्यांचे मूळ नाव. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा त्या अवघ्या १३ वर्षांच्या होत्या. बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ (१९३९), प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१) आणि राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) हे या वाटचालीतील महत्त्वाचे टप्पे होत. सोशिक संत सखू आणि तमाशातील बया ही परस्परविरोधी रूपे त्यांनी सारख्याच सामर्थ्याने उभी केली. परंतु मराठी चित्रपटाने स्त्रीसाठी मुख्यतः हेच दोन साचे घडवले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा अनंत माने दिग्दर्शित चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्यात प्रेक्षकांच्या आकर्षणाचे केंद्र जयश्री गडकर ठरल्या. छत्तिशीतील हंसाबाई प्रौढ भूमिकेकडे वळल्या होत्या. हा उतार व्यक्तिगत वर्तनातून आलेला नाही. नायिकेच्या वयाविषयीचा व्यवसायाचा दंडकच त्यातून दिसतो.

आत्मकथनाची साक्ष :
अरुण साधू यांनी शब्दांकित केलेल्या या आत्मकथनाला त्याच गाजलेल्या चित्रपटाचे नाव आहे. त्यात मद्यपान, विवाहबाह्य संबंध आणि फसवणूक यांचे निवेदन आहे. त्यामुळे ते कबुलीजबाब म्हणून वाचले गेले. वस्तुतः त्याच्या केंद्रस्थानी आहे तो श्रम. संसार करावा, काम सोडावे ही निवेदिकेची इच्छा वारंवार प्रकट होते. मात्र घर तिच्याच मिळकतीवर चालत असल्याने ती इच्छा मोडून पडते. मिळवती असूनही मिळकतीवर हक्क नसणे, हा या जीवनातील मूळ पेच आहे. अभिनयाच्या प्रक्रियेविषयी निवेदन तुलनेने मितभाषी आहे, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागेल.

दुर्गा खोटे यांच्या ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्राशी तुलना केल्यास हा पेच अधिक स्पष्ट होतो. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातून आलेल्या दुर्गाबाईंच्याही वाट्याला वैधव्य आणि अर्थार्जनाची निकड आली. तथापि त्यांच्यापाशी शिक्षणाचे व सामाजिक स्थानाचे पाठबळ होते. कलावंतिणींच्या परंपरेतील घरात जन्मलेल्या हंसाबाईंना असे कोणतेही कवच लाभले नाही.

‘भूमिका’ :
श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) या आत्मकथनावर आधारलेला आहे. त्यातील अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटात उषाचा शोध प्रामुख्याने आत्मशोध ठरतो आणि तिचे एकाकीपण ही एक निवड वाटू लागते. पुस्तकातील एकाकीपणाला निवडीची ही प्रतिष्ठा नाही. रूपांतराने व्यक्तिरेखेला उंची दिली, पण कष्टाचा हिशेब काहीसा मागे सारला.

समारोप :
आत्मकथन प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच हंसाबाईंचे निधन झाले. मराठीच्या वर्गात हे पुस्तक धाडसी कबुली म्हणून शिकवले गेल्यास विद्यार्थ्यांच्या हाती केवळ नैतिक निवाडा लागतो. ते श्रम करणाऱ्या स्त्रीची साक्ष म्हणून वाचले गेले, तर ‘ती का घसरली?’ या प्रश्नाऐवजी ‘तिच्या कमाईवर कोण उभे होते?’ हा प्रश्न समोर येतो. हंसाबाईंच्या कारकिर्दीचे मूल्यमापन या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होणे न्याय्य ठरेल.