एकच गोष्ट, अनेक बोली

ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची, ही या पाहणीची पद्धत. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ या एका गोष्टीत येतात. मजकूर तोच असल्याने फरक दिसतो तो बोलीचा. प्रयोगात आपण एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतो, तसेच हे.

आमची शंका इथेच सुरू होते. भाषांतर करणारा मूळ वाक्याच्या मागे मागे चालतो. घरी तो असा बोलत असेल का? सुदैवाने पुष्कळ ठिकाणी दुसरा नमुनाही घेतला आहे : कधी लोककथा, कधी चक्क आरोपीची जबानी! (नमुने बहुतांशी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत आले, त्याचा हा परिणाम असावा.) आम्हाला हे दुसरे नमुने अधिक जिवंत वाटतात.

खंड इंग्रजीत आहे, वाचायला रुक्षही. पण ज्या वऱ्हाडी रूपांवर वर्गात लाल रेघ पडते, त्यांचे नियम इथे नोंदलेले आहेत. शिक्षकांनी हा प्रयोग करून पाहावा. मात्र मुलांकडून आधी घरची हकिगत लिहून घ्यावी, भाषांतर नंतर.