शेण, सूत आणि केस : शीला गौडा यांच्या मांडणशिल्पांतील द्रव्यविचार

प्रस्तावना :

शिल्प म्हटले की पाषाण, लाकूड, माती आणि धातू ही द्रव्ये डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकात या समजुतीला अनेक धक्के बसले. मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ मध्ये बाजारातून आणलेले मूत्रपात्र कलाकृती म्हणून पुढे केले. १९६७ च्या सुमारास इटलीत 'आर्ते पोव्हेरा' या नावाने ओळखल्या गेलेल्या कलावंतांनी चिंध्या, माती, कोळसा असे सामान्य पदार्थ कलादालनात आणले. भारतीय मांडणशिल्पाची चर्चा करताना या पाश्चात्त्य परंपरेचा दाखला नेहमी दिला जातो. तथापि शीला गौडा यांच्या कलाकृतींच्या संदर्भात तो पुरेसा ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गौडा वापरतात ती द्रव्ये कलादालनात 'अपारंपरिक' असली, तरी घराच्या अंगणात ती अत्यंत पारंपरिक आहेत. या विसंगतीचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शेण : पावित्र्य आणि श्रम

शीला गौडा यांचा जन्म १९५७ मध्ये कर्नाटकातील भद्रावती येथे झाला. बडोदा, शांतिनिकेतन आणि लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट येथे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्या रंग आणि कॅनव्हास यांच्याकडून शेणाकडे वळल्या. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या, तो हा काळ. धर्माच्या नावाने गाय हे राजकीय प्रतीक होत असताना गौडा यांनी गाय रंगवली नाही. गाईचे शेण हाती घेतले. ही निवड सूचक आहे. प्रतीक दुरून पूजता येते, शेण मात्र हातानेच उचलावे लागते. १९९६ मधील 'मॉर्टार लाइन' या रचनेत शेणाच्या विटांची ओळ असून तिला कुंकवाच्या लाल रंगाची जोड आहे. चूल, भिंत आणि जखम या तिन्हींची आठवण ती एकाच वेळी करून देते.

मराठी वाचकाला या द्रव्याचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. सारवणाने अंगण शुद्ध होते असे मानणाऱ्या समाजानेच शाळेत शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण फेकले. एकच पदार्थ शुद्धीचे साधन होतो आणि अपमानाचेही. तो कोणाच्या हाती आहे आणि कोणावर पडतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

सूत आणि केस :

'अँड टेल हिम ऑफ माय पेन' (१९९८) या कलाकृतीत गौडा यांनी सुईच्या नेढ्यातून लांबच लांब दोरा ओवला, तो दुहेरी केला आणि असे अनेक दोरे कुंकू व डिंकाने एकत्र चिकटवून जाड दोर सिद्ध केला. दोराच्या टोकाशी सुयांचा झुबका लोंबत राहतो. भिंतीवरून जमिनीवर उतरणारा हा लाल दोर कोणाला नाळ वाटतो, कोणाला आतडे. परंतु या दोराचा पहिला अर्थ त्याच्या घडण्यात आहे. शिवणकाम हे ज्या घरात काम म्हणून मोजलेच जात नाही, तेथील अगणित तासांचा तो हिशेब आहे. शीर्षकात वेदनेचा निरोप आहे, पण तो सांगणारा आवाज नाही. आहेत फक्त सुया.

२००९ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत मांडलेल्या 'बिहोल्ड' मध्ये मानवी केसांचे सुमारे ४००० मीटर दोर आणि मोटारींचे पोलादी बंपर आहेत. दृष्ट लागू नये म्हणून केसांचा दोर वाहनाला बांधण्याची प्रथा बंगळुरूकडे आहे. आपल्याकडील लिंबू-मिरचीचीच ही बहीण. देवळात नवस फेडताना अर्पण केलेल्या केसांपैकी लांब केस टोपांच्या व्यापारात जातात, आखूड केसांचे दोर वळले जातात. देह, श्रद्धा आणि बाजार यांची ही साखळी गौडा कोणतेही भाष्य न करता समोर ठेवतात. केसांचे हलके दोर जड बंपर पेलून धरतात, एवढेच दृश्य. केशवपनाचा इतिहास आणि त्याविरुद्ध नाभिकांना संघटित करणारी सत्यशोधक चळवळ ज्ञात असलेल्या मराठी प्रेक्षकाला मात्र हा दोर केवळ ताईत वाटणार नाही.

तुलना आणि आक्षेप :

सुबोध गुप्ता यांच्या 'व्हेरी हंग्री गॉड' (२००६) मध्ये स्टीलच्या भांड्यांतून प्रचंड कवटी उभी राहते. तेथे प्रतिमा आधी कळते, भांडी नंतर दिसतात. गौडा यांच्याकडे ओळखीची प्रतिमा नाही; द्रव्य हाच आशय आहे. म्हणूनच त्यांचे काम पहिल्या भेटीत कमी बोलते आणि नंतर अधिक काळ मनात राहते.

तरीही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. शेण उचलणे हे काहींसाठी निवडीचे माध्यम आणि अनेकांसाठी जन्माने लादलेले काम आहे. गोठ्यातील हे काम जातीच्या उतरंडीपासून अलग करता येत नाही. गौडा यांच्या रचनांत स्त्रीश्रमाची जाणीव प्रखर आहे, जातीची जाणीव मात्र प्रेक्षकाने स्वतः आणावी लागते. शिवाय दोर वळणारे हात कलादालनात निनावीच राहतात. द्रव्याला प्रतिष्ठा मिळाली म्हणून ते हाताळणाऱ्यांनाही ती मिळाली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. हा दोष एकट्या कलावंताचा नाही, कलाव्यवहाराचा आहे. पण समीक्षेने तो झाकू नये.

समारोप :

प्रस्तुत लेखकाने या कलाकृती प्रामुख्याने छायाचित्रांतून अभ्यासल्या आहेत. छायाचित्रात शेणाचा वास येत नाही आणि केसांचा स्पर्श होत नाही, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. मात्र त्याच मर्यादेमुळे एक गोष्ट ध्यानात आली. या द्रव्यांचा वास आणि स्पर्श आपल्याला छायाचित्राशिवायही ठाऊक आहे, कारण तो आपल्या आई-आजीच्या हातांना होता. ते ज्ञान आपण कधी सौंदर्यविचारात धरले नाही. महाविद्यालयीन अध्यापनात सौंदर्यशास्त्र शिकवताना रूप आणि आशय यांची चर्चा आपण विस्ताराने करतो. द्रव्य कोठून आले, ते कोणी गोळा केले, कोणी घडवले, हे प्रश्न मात्र सहसा विचारत नाही. गौडा यांची मांडणशिल्पे हे प्रश्न विचारावयास भाग पाडतात. त्यांची उत्तरे देण्यासाठी कलासमीक्षकाबरोबरच इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्य यांच्या अध्यापकांनीही पुढे येणे अगत्याचे आहे.